पहिला आठवडा आणि दुसरं वर्ष

८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली आणि अनेकांचे जीव गेले. चारच दिवसांनी, १२ ऑगस्टला, बकरी ईद होती. कुंडल नदीपासून लांब असल्याने पाणी आमच्या दारात आलं नव्हतं. ईदची नमाज पढून आम्ही पोरं थेट टेम्पो भरायला लागलो. बिस्किटं, चादरी, पाण्याच्या बाटल्या. ईदच्या खर्चाला कात्री लावून लोकांनी पैसे दिले होते. त्या आठवड्याचा मला आजही अभिमान वाटतो.

पण पुढचं सांगायला हवं. सहा-सात महिन्यांनी मी भिलवडीच्या पेठेत शिलाईकाम करणाऱ्या एका ओळखीच्या चाचांकडे गेलो. पुरात त्यांच्या तिन्ही मशिनच्या मोटारी गेल्या होत्या. कर्ज काढून त्यांनी धंदा पुन्हा उभा केला होता. कोपऱ्यात मदतीत आलेल्या पाच चादरी तशाच घडी घालून ठेवलेल्या होत्या. चाचा म्हणाले, ‘‘चादरी पुष्कळ झाल्या रे बाळा, हप्त्याचं काय करू?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमचा हिशेब सप्टेंबरमध्येच बंद झाला होता. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला तेव्हा त्यांचे जुने हप्ते संपलेही नव्हते.

२००५, २०१९ आणि २०२१. पहिल्या दोन मोठ्या पुरांमध्ये १४ वर्षं गेली, पुढच्या दोघांत फक्त दोन. हवामान बदलतंय, थोड्या दिवसांत प्रचंड पाऊस कोसळतोय. म्हणजे पूर ओसरला की काम संपलं, असं आता समजता येणार नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे प्रोग्राम लिहिण्यापेक्षा तो वर्षानुवर्षं चालता ठेवण्यात जास्त कष्ट आणि पैसा लागतो, आणि त्याची तरतूद आधीच करावी लागते. आपल्या मदतकार्यात ही तरतूदच नसते.

खरं तर आपल्या दीनमध्ये ती आहे. जकातीच्या आठ हक्कदारांमध्ये पवित्र कुरआनने ‘गारिमीन’ म्हणजे कर्जात बुडालेल्यांचा स्वतंत्र उल्लेख केला आहे. हजरत उस्मान (रजि.) यांनी मदिनेतली रूमाची विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली. ती एका दिवसाची मदत नव्हती, सदका-ए-जारिया होती. मग आपला सदका पहिल्या आठवड्यातच का थांबतो?

दुसऱ्या समाजांकडूनही शिकण्यासारखं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे १,२०० मुलं पुण्याला आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. ते काम वर्षानुवर्षांचं होतं. आणखी जवळचं उदाहरण येरळेचं. ही नदी ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. तिच्याच वरच्या अंगाला, खानापूर तालुक्यातल्या बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात दुष्काळाशी झगडत बळीराजा धरण बांधायला घेतलं. मुक्ती संघर्ष चळवळ सोबत होती. नदीतली वाळू ठेकेदार नेत होते. तीच थोडी वाळू स्वतः विकून धरणाला पैसा उभा करू, असं गावकऱ्यांनी ठरवलं आणि त्या हक्कासाठी सरकारशी भांडले. श्रमदान केलं. पाण्याचं वाटप समन्यायी असावं हा आग्रह धरला. गरजू लोकच इथे निर्णय घेणारे होते, हे मला सर्वात महत्त्वाचं वाटतं. आम्ही टेम्पो भरताना कुणालाही विचारलं नव्हतं.

म्हणून माझ्या तरुण मित्रांसमोर एक साधा प्रस्ताव ठेवतो. पुढच्या आपत्तीत गोळा होणाऱ्या दर शंभर रुपयांतले चाळीस बाजूला ठेवा आणि वर्षभरानंतर खर्च करा. कशावर, ते पूरग्रस्त कुटुंबांसोबत बसून ठरवा. कुणाचं कर्ज फेडायचं असेल, कुणाला हत्यारं घ्यायची असतील, कुणाला मशिन वर चढवून ठेवण्यासाठी दुकानात पक्का माळा हवा असेल. नदीकाठच्या गावात लाईफ जॅकेट आणि पोहणारी, शिकवून तयार केलेली पोरं पूर येण्याआधीच हवीत. जकातीचे नियम आलिमांना विचारून पाळा. नफली सदका मात्र कुठल्याही जातिधर्माच्या शेजाऱ्याला देता येतो, तो द्या. आणि शेवटचा रुपया संपेपर्यंतचा हिशेब मशिदीच्या फलकावर लावा.

लोक म्हणतील, भुकेल्याला आज जेवण हवं, तुम्ही पैसे अडवून कसे ठेवता? प्रश्न रास्त आहे. पण पहिल्या आठवड्यात टेम्पोंची रांग लागते. दुसऱ्या वर्षी कुणीच येत नाही. तिथे आपण असायला हवं.