आधी नाव सांगा, मग घर बघा

आपाचा सोलापूरहून फोन आला. भाचीला कॅप राउंडमध्ये कर्वेनगरजवळच्या इंजिनीअरिंग कॉलेजात सीट मिळाली होती; हॉस्टेलच्या यादीत मात्र नाव नव्हतं. "तू इतकी वर्षं पुण्यात आहेस. तिला एक खोली बघून दे," आपा म्हणाली. किती साधं काम!

प्रवेशाच्या दिवसांत पुण्यात खोली शोधणं कुणालाच सोपं नसतं. अख्ख्या महाराष्ट्रातून मुलं एकाच वेळी उतरतात. कॉट बेसिसची जागा सकाळी दिसते आणि दुपारी जाते. डिपॉझिट, एजंटला एक महिन्याचं भाडं, रात्री दहाला गेट बंद, हे सगळ्यांच्याच वाट्याला येतं. आमच्या वाट्याला आणखी एक प्रश्न येतो: "नाव काय म्हणालात?"

नाव सांगितलं की पलीकडे क्षणभर शांतता. कुणी शिवी देत नाही, आवाजही चढवत नाही. "आमचं काही नाही हो, पण सोसायटी परवानगी देत नाही." "आत्ताच टोकन घेतलं बघा." "आम्हाला व्हेजिटेरियन पाहिजे." भाची अंडंसुद्धा खात नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. प्रश्न अंड्याचा नव्हताच.

प्रोग्रॅम चुकत असेल तर आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलून बघतो. तेच केलं. टोकन घेतलेल्या त्या फ्लॅटसाठी अर्ध्या तासाने ऑफिसातल्या हिंदू मित्राला फोन करायला लावला. बजेट तेच, राहणारी कॉलेजची मुलगीच, बदललं फक्त आडनाव. फ्लॅट रिकामा होता. "संध्याकाळी बघायला या," असंही म्हणाले.

मित्र ओशाळला. म्हणाला, "करार माझ्या नावावर करू, राहू दे तिला." हा तोडगा मला चांगला ठाऊक आहे. कॉलेजची शेवटची तीन वर्षं मी तसाच काढली. करारावर दोन मित्रांची नावं, पोलीस पडताळणीच्या फॉर्मवरही त्यांचीच. मी कायमचा पाहुणा. दाराबाहेर मालकाची चप्पल दिसली की मी जिन्यातच थांबायचो. पासपोर्ट काढायला गेलो तेव्हा कळलं, मी या शहरात राहतो हे सांगणारा एकही कागद माझ्याकडे नाही. आधी कागदावर येऊ द्यायचं नाही आणि मग कागद नाहीत म्हणून संशय घ्यायचा!

कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेब आंबेडकरांना १९१७ मध्ये बडोद्याच्या नोकरीवर असताना राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते पारशांच्या धर्मशाळेत उतरले. खरं कळल्यावर लाठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना घराबाहेर पडावं लागलं. नाव लपवून मिळालेलं छप्पर किती दिवस टिकतं, याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे.

आता ‘सोसायटी परवानगी देत नाही’ या वाक्याकडे बघू. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाने घर भाड्याने देताना सोसायटीला कळवायचं असतं, कराराची प्रत द्यायची असते. परवानगी मागायची नसते. म्हणजे बहुतेक वेळा हे वाक्य नियम नसून आडोसा असतो. दुसरी गोष्ट, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. तोंडी व्यवहारावर राहू नका.

पण खरी भोकं वर आहेत. राज्यघटनेचं कलम १५ दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांत भेदभाव करू देत नाही. खासगी भाड्याच्या घराचं नाव त्यात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी सोसायटीचा फक्त पारशांनाच सभासद करण्याचा नियम वैध ठरवला. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. भाड्याचं घर शोधताना दलितांना नकार मिळतो आणि मुस्लिमांना त्याहून जास्त, हे त्यात दिसलं. शशी थरूर यांनी २०१७ मध्ये लोकसभेत भेदभावविरोधी खासगी विधेयक मांडलं. त्याचा कायदा झाला नाही. आपल्या मोर्चांत आणि निवेदनांत ही मागणी किती वेळा आली? प्रामाणिकपणे सांगा.

"कशाला त्रास घेतोस, कोंढवा आहे ना!" असं नातेवाईक म्हणाले. आहे. भाची आज तिथंच राहते, आणि स्वारगेटला बस बदलून कर्वेनगरला जाते. कोंढव्यात राहणं वाईट नाही. कोंढव्याशिवाय पर्याय नसणं वाईट आहे. आणि ही अडचण आपल्यातल्या मालकांनाही चांगली समजते. जायला दुसरी जागा नाही, मग भाडं वाढवा.

माझ्याच एका चाचांनी कोंढव्यातल्या फ्लॅटसाठी आलेल्या नांदेडच्या विद्यार्थ्याला आडनाव ऐकून परत पाठवलं. "आपले लोक बरे," म्हणाले. मी विचारलं, "चाचा, तिकडे माझ्या भाचीला हेच वाक्य ऐकवलं, ते मग बरोबर होतं का?" ते गप्प बसले. त्या मुलाला खोली मिळाली नाही ती नाहीच.

तेव्हा दोस्तांनो, एवढं करू या. फोनवर पहिल्याच वाक्यात पूर्ण नाव सांगायचं. नकार आला तर कारण मेसेजवर मागायचं आणि तो जपून ठेवायचा. उद्या कायदा मागताना हेच पुरावे लागतील. दुसऱ्याच्या नावावर राहायचं नाही. आणि ज्यांच्या घरात एखादी खोली रिकामी आहे, त्यांनी ती देताना भाडं वेळेवर येईल का एवढंच विचारायचं. जात नाही, धर्म नाही.

चाचांचा फ्लॅट अजून रिकामा आहे. या रविवारी मी पुन्हा त्यांच्याकडे जाणार आहे.