समुद्रतळाची खरेदी

उत्तरपत्रिका तपासून मिळणारे पैसे आमच्या घरात पगारापेक्षा वेगळ्या कुळातले मानले जातात. पगार वाण्याला, हप्त्यांना आणि सोसायटीला जातो. त्याच्याकडे डोळे वर करून पाहण्याचीही कोणाची छाती नाही. उत्तरपत्रिकांचे पैसे मात्र हौसेचे. यंदा ते बरोबर अठरा हजार भरले आणि घरातल्या तिन्ही माणसांनी एकमताने ते समुद्रात बुडवायचे ठरवले.

म्हणजे झाले असे की, येत्या जानेवारीत आम्ही अंदमानला निघालो आहोत. तिकिटे आणि मुक्काम यांचा खर्च निराळा, तो आधीच सोसून झाला. तिथल्या हॅवलॉक बेटावर, म्हणजे २०१८ पासूनच्या स्वराज द्वीपावर, चिरंजीव आणि त्यांच्या मातोश्री चार दिवसांचा स्कूबाचा रीतसर शिक्षणक्रम करणार आहेत. मी फक्त शिक्षकाचे बोट धरून एकदा खाली जाऊन येणार. वाचकांपैकी काहींना वाटेल, हे उलटे झाले. पण आमची सौ. सांगलीची, कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकलेली. या शिक्षणक्रमाला दोनशे मीटर पोहून दाखवावे लागते आणि दहा मिनिटे पाण्यावर तरंगून राहावे लागते. ते ऐकून ती म्हणाली, "एवढंच?" मी तेव्हाच बोट धरणाऱ्यांत जमा झालो.

चिरंजीवांनी सामानाची यादी करून आणली. यादीत सतरा कलमे होती आणि खालची बेरीज एक लाख चाळीस हजारांच्या घरात. मुलगा सहलीला चालला आहे की आरमारात भरती होतो आहे, हे मला क्षणभर कळेना. मराठी शिकवणाऱ्या माणसाला यादी दिली की तो आधी शब्द तपासतो, मग किमती. स्कूबा हा मुळात शब्दच नव्हे. 'पाण्याखाली श्वास घेण्याचे स्वयंपूर्ण साधन' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे. आपल्याकडे पाणबुड्या हा सुंदर शब्द पूर्वीपासून आहे, पण त्याच्याजवळ साधन नव्हते, छातीतला दम होता. ते साधन १९४३ साली फ्रान्समध्ये झाले. जॅक कूस्तो हा नौदलातला अधिकारी आणि एमिल गान्यां हा इंजिनियर. युद्धात पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी गॅसवर चालत, त्या मोटारींसाठी गान्यांने एक झडप केली होती. तीच पुढे माणसाच्या तोंडाशी आली. पेट्रोलच्या टंचाईतून समुद्राचा तळ मोकळा झाला म्हणायचा.

ती झडप, म्हणजे रेग्युलेटर, हे या सगळ्या सामानाचे हृदय. पाठीवरच्या नळकांड्यात हवा सुमारे दोनशे बार इतक्या दाबाने कोंडलेली असते. ती थेट तोंडात आली तर माणूस जागीच संपेल. रेग्युलेटर तो दाब दोन टप्प्यांनी उतरवतो आणि भोवतालच्या पाण्याचा जेवढा दाब असेल तेवढ्याच दाबाची हवा घोटाघोटाने देतो. दर दहा मीटर खोलीला आपल्या वातावरणाएवढा एकेक दाब वाढतो, म्हणून हे तारतम्य क्षणोक्षणी राखावे लागते. मला हे समजले, आणि यादीतले सर्वांत महाग कलम सर्वांत आधी खोडता आले. कारण असले यंत्र नुसते विकत घेऊन भागत नाही. त्याची नियमितपणे जाणत्याकडून उघडून तपासणी करावी लागते, आतली रबरी कडी बदलावी लागतात. वर्षाकाठी चार वेळाही पाण्यात न उतरणाऱ्या माणसाने ते कपाटात ठेवायचे आणि वर देखभालीचा खर्च करायचा, हे मंगळसूत्र बँकेत ठेवून लॉकरचे भाडे भरण्यासारखेच. शिक्षणक्रमाच्या फीमध्ये बहुधा हे यंत्र धरलेले असते. तरंगण्याचे जाकीट, शिशाची वजने आणि नळकांडे यांचेही तसेच. नळकांडे तर घेऊन जाण्याचा विचारही करू नये. भरलेले नळकांडे विमानात कोणी चढवू देणार नाही.

इथे एक परिचित गृहस्थ मध्ये आले. त्यांच्याकडे कोणाकडून तरी आलेला जुना रेग्युलेटर पडून होता. "पाच हजारांत घेऊन टाका, प्रोफेसर. घरचा म्हणून देतोय." मी जुनी पुस्तके घेतो, जुनी सायकल घेतली आहे, लग्नात सासऱ्यांचा जुना कोट घातला आहे. पण ज्याच्या आधारावर माझा मुलगा अठरा मीटर पाण्याखाली श्वास घेणार, त्या वस्तूचा पूर्वेतिहास सांगायला कोणी नसेल तर ती फुकटही नको. काटकसरीलाही एक तळ असतो, आणि तो समुद्राच्या तळाच्या बराच वर असावा. गृहस्थ थोडे नाराज झाले. होवोत.

आता मास्क. इथे मला जरा बसून बोलायचे आहे.

तीन वर्षांपूर्वी आम्ही मालवणला गेलो होतो. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यात पर्यटकांना थोडा वेळ खाली नेतात, ते तुमच्यापैकी अनेकांनी केले असेल. सौ.च्या डोळ्यांचा नंबर उजवा उणे साडेसहा, डावा उणे सहा. चष्मा काढला की तिला समोरची भिंत दिसते, भिंतीवरचे घड्याळ नाही. मास्कच्या आत चष्मा घालता येत नाही, कारण चष्म्याच्या काड्या मास्कची कड चेहऱ्याला टेकू देत नाहीत आणि पाणी आत येते. डोळ्यांत घालायच्या लेन्स तिला सोसत नाहीत. ती तशीच खाली गेली, वर आली, ओल्या केसांनी नावेत बसली. सगळ्यांनी विचारले, "कसं होतं?" ती म्हणाली, "फार छान होतं." रात्री मुक्कामावर चिरंजीवांनी चित्रफीत लावली. पिवळट अंगावर काळे पट्टे असलेल्या माशांचा थवाच्या थवा तिच्या नाकासमोरून चाललेला. ती चष्मा नाकावर चढवून पडद्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "अहो, हे मासे तिथेच होते?"

तेव्हा या वेळी अठरा हजारांतला पहिला रुपया कुठे जायचा, यावर माझ्या मनात तरी वाद नव्हता.

तिचा होता. "माझ्या एकटीसाठी एवढे कशाला? त्यापेक्षा त्याला मनगटावरचा तो कॉम्प्युटर घ्या." हा संवाद आमच्या घरात दोन आठवडे चालला. चिरंजीवांनाही तो कॉम्प्युटर हवा होता. तो खोली आणि वेळ मोजत राहतो, आणि किती वेळ खाली राहणे सुरक्षित हे सांगतो. वस्तू खरोखर उपयोगाची. पुढे नेहमी बुड्या मारणारा माणूस मास्कनंतर बहुधा हेच घेतो. पण किंमत आमच्या सगळ्या थैलीपेक्षा मोठी, आणि भाड्याने मिळते. अखेरीस चिरंजीवच म्हणाले, "आई, तुला काही दिसणारच नसेल तर मी खाली कोणाला काय दाखवू?" मुलगा इंजिनियरिंगला आहे, पण असे अधूनमधून बोलतो.

मास्क घेताना क्रम असा: आधी चेहरा, मग नंबर. काही ठराविक मास्कांच्या काचा काढून त्या जागी नंबराच्या तयार काचा बसवता येतात. त्या अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या टप्प्याने मिळतात आणि उजवी-डावी निराळी घेता येते. तयार काचेत सिलिंडरचा नंबर नसतो. ज्यांचा तो मोठा असेल त्यांनी चष्मेवाल्याकडून खास काच करून आतून चिकटवून घ्यावी. पण काचा कितीही नेमक्या असल्या तरी मास्क चेहऱ्याला बसत नसेल तर सारे पाण्यात. त्याची परीक्षा सोपी आहे. पट्टा मागे न ओढता मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवावा, केस आत येऊ देऊ नयेत, नाकाने हलकेच श्वास ओढावा आणि हात सोडावा. मास्क चिकटून राहिला तर तुमचा. सुटला तर दुसऱ्याचा. पट्टा आवळून घट्ट बसवलेला मास्क पाण्यात गळतोच. आमच्या सौ.ने दुकानात पाच मास्क लावून पाहिले. चौथा चिकटला, तो इतका की ती हात मोकळे सोडून, तो तसाच ठेवून दुकानदाराशी किमतीची घासाघीस करू लागली. तो बिचारा हसू आवरता आवरता दोनशे रुपयांनी खाली आला.

आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. काच टेम्पर्ड असावी, तसे काचेवर कोरलेले असते. फुटली तरी तिचे सुरे होत नाहीत. कड सिलिकोनची असावी, साध्या प्लॅस्टिकची नव्हे. आणि नाक मास्कच्या आत हवे. पोहण्याचा गॉगल इथे चालत नाही. खाली जाताना आतल्या हवेवर दाब पडून मास्क डोळ्यांना ओढू लागतो, तेव्हा नाकातून थोडी हवा आत सोडावी लागते. गॉगलमध्ये ती सोडणार कुठून? नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, तो गेल्याशिवाय काच धुरकटत राहते. साध्या काचेवर दंतमंजन, म्हणजे ट्यूबमधले, बोटाने चोळून तो काढतात. पुढे प्रत्येक बुडीआधी काचेला आतून थुंकी लावून धुण्याची पद्धत आहे. हे सौ.ला अजून सांगितलेले नाही.

माझा स्वतःचा प्रश्न मिशीचा. मिशीतून पाणी झिरपते. जाणकार सांगतात, नाकाखालची एक अरुंद पट्टी भादरावी, किंवा सिलिकोनचे ग्रीस लावावे. मी ग्रीसच्या बाजूचा आहे. मला नंबर फक्त वाचण्याचा. मासे मला वाचायचे नाहीत, म्हणून मास्क तिथलाच चालेल.

बाकी सामान भराभर सांगतो. फिन्स भाड्याने. पुढे घ्यायच्याच असतील तर उबदार पाण्यात अनवाणी पायात घालायच्या, बुटासारख्या बंद टाचेच्या स्वस्त आणि हलक्या पडतात. मात्र खडकाळ किनाऱ्यावरून चालत पाण्यात उतरायचे असेल तर त्यांचा उपयोग नाही. हातमोजे मुळीच घेऊ नयेत. हातमोजे घातले की माणूस प्रवाळाला हात लावतो, आणि प्रवाळ हा दगड नव्हे, जिवंत प्राणी आहे. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे त्याला छत्र आहे. पोशाखाचे म्हणाल तर अंदमानचे पाणी अठ्ठावीस अंशांच्या आसपास, अंघोळीला कोमट. तरीही पाणी अंगाची ऊब हवेपेक्षा वीस-पंचवीसपट वेगाने पळवते, आणि तासाभरात दात वाजू लागतात. तीन मिलिमीटरचा रबरी पोशाख तिथे मिळतो. भाड्याच्या पोशाखात आधीच्या माणसाने काय काय केले असेल, हा विषय दिवाळी अंकाचा नाही. म्हणून आतून घालायला लांब बाह्यांचे घट्ट सदरे दोघांना घेतले. त्यांनी ऊन अडते, मलमही कमी लागते. उन्हाच्या काही मलमांतली द्रव्ये प्रवाळाला बाधतात, असे म्हणून हवाईने २०१८ साली कायदा करून ती मलमे विकण्यास बंदी केली, ती २०२१ पासून लागू झाली.

हिशेब मांडतो, म्हणजे वाचकांना वाटणार नाही की प्राध्यापक नुसते बोलतात. सौ.चा मास्क आणि दोन काचा, साडेसात हजार. चिरंजीवांचा मास्क, दोन हजार आठशे. दोन सदरे, चोवीसशे. पाण्यावर आल्यावर नावेला दिसावे म्हणून फुगवायचे नारिंगी नळकांडे आणि एक शिट्टी, सोळाशे. एवढ्या पैशांत याहून मोलाची वस्तू यादीत नव्हती. डॉक्टर, दीड हजार. हो, डॉक्टर हे सामानच आहे. पाण्यात उतरण्याआधी प्रकृतीचा छापील तक्ता भरावा लागतो. दमा, हृदय, कान यांची चौकशी असते, आणि पंचेचाळिशी ओलांडलेल्यांना आणखी काही प्रश्न असतात. तो तक्ता बेटावर पोचल्यावर पहिल्यांदा वाचू नये. सौ.ला लहानपणी दम लागत असे, म्हणून ही तपासणी मास्कच्याही आधी केली. डॉक्टरांनी फुंकायला लावले, पळायला लावले, कान पाहिले आणि सही केली. बाकी उरले बावीसशे, ते कॉम्प्युटरच्या भाड्याला.

शेवटच्या बुडीनंतर निदान अठरा तास विमानात बसू नये, असा नियम आहे. रक्तात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा लागतो. आम्ही पुरता एक दिवस ठेवला आहे. तो श्री विजयपुरममध्ये, म्हणजे २०२४ पर्यंतच्या पोर्ट ब्लेअरमध्ये, सेल्युलर जेल पाहण्यात जाईल. मराठी माणूस अंदमानला जाऊन तिथे गेला नाही असे होत नाही, तेव्हा दिवस वाया जाण्याची भीती नाही.

काचा बसून मास्क गेल्या आठवड्यात घरी आला. रविवारी सकाळी सौ. तो घेऊन आमच्या तरणतलावावर गेली. मी काठावर टॉवेल धरून उभा. पाण्यात वस्तू एक तृतीयांशाने मोठी दिसते, चार फुटांवरची तीन फुटांवर आल्यासारखी वाटते, हे मी तिला समजावून सांगत होतो, पण ती तोवर खाली गेली होती. खोल बाजूला पुष्कळ वेळ राहिली. वर आली ती मूठ मिटूनच. मुठीत एक रुपयाचे नाणे होते.

"दोन हजार अकरा सालचं आहे," ती म्हणाली. "खालीच वाचलं."