शिक्का बघून वय सांगणाऱ्यांनो, जरा थांबा!

जुन्या मिटत्या चाकूंचा विषय निघाला की तिसऱ्या मिनिटाला एक वाक्य येतंच: "शिक्का बघ ना, व्ही-आर आहे, म्हणजे व्हिक्टोरियाच्या काळातला!" आणि पाचव्या मिनिटाला दुसरं: "मूठ हस्तिदंताची आहे का बघायचंय? सुई तापव आणि टोच." पहिलं वाक्य आळशी आहे आणि दुसरं आडदांड. दोन्ही बोलणारे स्वतःला जाणकार समजतात, म्हणून आजचा शनिवार त्यांच्या नावाने.

तुम्ही म्हणाल, चाकूच तर आहे, एवढं काय? एवढंच, की आजोबांच्या कपाटात निघालेल्या शेफिल्डच्या चाकूवर एक तर उगाच हजारो रुपये लावले जातात, नाहीतर तो भंगारात जातो. दोन्हीचं कारण एकच. कोणीतरी दहा सेकंद बघून निकाल दिलेला असतो.

आधी शिक्क्याचं बोलू. पातं मुठीत जिथे शिरतं तिथल्या जाड भागाला टँग म्हणतात, आणि कारखान्याचा शिक्का बहुधा तिथे असतो. आता आपल्या धंद्यातलं उदाहरण घ्या. फाइलच्या डोक्यावर कॉपीराइट १९९८ लिहिलंय म्हणून आतला सगळा कोड १९९८ चा, असं तुम्ही ऑफिसात कोणाला सांगाल का? मग चाकूला वेगळा न्याय का? शेफिल्डचा प्रसिद्ध आय-एक्स-एल हा शिक्का १७८७ सालचा म्हणून सांगितला जातो, आणि त्या शिक्क्याचे चाकू विसाव्या शतकातही बनत होते. शिक्का जुना म्हणजे चाकू जुना, हे गणित कुठून आलं?

राजेशाही अक्षरांची तर आणखी गंमत. व्ही-आर म्हणजे व्हिक्टोरिया, कबूल. पण बाई १८३७ ते १९०१ गादीवर होत्या. "त्रेसष्ट वर्षांत कधीतरी" याला वय सांगणं म्हणत नाहीत. जी-आर त्याहून वाईट. चौथा जॉर्ज १८२० ते १८३०, पाचवा १९१० ते १९३६, सहावा १९३६ ते १९५२. अक्षरं तीच, फरक शंभर वर्षांचा. जोसेफ रॉजर्सचे असे शिक्के असलेले चाकू हिंदुस्थानात भरपूर विकले गेले, त्यामुळे आपल्याकडच्या कपाटांतून ते अजून निघतात आणि प्रत्येक वेळी घरातला एक काका छाती फुगवून चौथ्या जॉर्जचं नाव घेतो :-)

मग येतो "देशाचं नाव नाही म्हणजे १८९१ च्या आधीचा" हा नियम. हा नियम अमेरिकेचा आहे हो! १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्यानुसार १८९१ पासून अमेरिकेत येणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव लागू लागलं. शेफिल्डमध्ये बनून शेफिल्डमध्येच विकल्या गेलेल्या, किंवा मुंबईच्या गोदीत उतरलेल्या चाकूला त्या कायद्याचं काय सोयरसुतक? नाव असेल तर काहीतरी कळतं. नसेल तर जवळपास काहीच कळत नाही. आणि नुसतं "शेफिल्ड" लिहिलंय म्हणूनही नाचू नका. जर्मनीतल्या झोलिंगेनचा माल शेफिल्डचा म्हणून खपवला जाई, शेफिल्डवाल्यांनी त्यावर भरपूर बोंब मारली, आणि १८८७ साली ब्रिटनमध्ये मालावरच्या खोट्या खुणांविरुद्ध कायदा झाला. दोन वर्षांनी, १८८९ मध्ये, हिंदुस्थानातही तसाच कायदा आला. फसवणूक होत नसती तर कायदे कशाला लागले असते?

मी स्वतः उलट्या बाजूने जातो. हा चाकू कशाच्या आधीचा असूच शकत नाही, ते आधी बघतो. पात्यावर "स्टेनलेस" लिहिलंय? हॅरी ब्रेअर्लीने शेफिल्डमध्ये ते पोलाद १९१३ साली केलं, तेव्हा राणीचा विषय संपला. मूठ डेलरिनची आहे? हे प्लास्टिक ड्यू पाँटने १९६० मध्ये बाजारात आणलं. शिक्का १९३० चा आणि मूठ डेलरिनची, म्हणजे मूठ नंतर बदललेली आहे. खिळ्यांभोवती ओरखडे, मूठ आणि धातूच्या टोपणामध्ये फट, एका बाजूचा रंग दुसरीशी न जुळणारा, हे सगळं बघायला दहा रुपयांचं भिंग पुरतं. पाच मिनिटांचा संयम मात्र लागतो, आणि तोच कोणाकडे नसतो.

शिक्क्याने नेमकं वय सांगणारे कारखाने आहेत, नाही असं नाही. अमेरिकेतल्या केसने १९७० मध्ये शिक्क्याखाली दहा ठिपके दिले आणि दरवर्षी एक कमी केला, म्हणजे १९७९ ला एक उरला. व्हर्जन नंबर इतका साफ आपल्या प्रोजेक्टमध्येही नसतो. पण केसचा नियम रॉजर्सला लावणारे महाभाग भेटतात तेव्हा हसावं की रडावं कळत नाही.

आता मुठीकडे या, कारण खरा अत्याचार तिथे होतो. तापलेली सुई! केराटिनचं शिंग जळलं की केसांसारखा वास येतो, प्लास्टिक वितळतं, हाडाला आणि हस्तिदंताला फारसं काही होत नाही, असा तो सिद्धांत. सिद्धांत ठीक आहे, पण शंभर वर्षं सांभाळलेल्या वस्तूला भोक पाडून तुम्ही मिळवलंत काय? शिवाय जुन्या काळी "हस्तिदंती" दिसणाऱ्या कितीतरी मुठी सेल्युलॉइडच्या असत. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. याला तापलेली सुई लावायची म्हणजे फटाक्याच्या वातीला उदबत्ती लावून "पेटतो का बघू" म्हणण्यासारखं आहे.

डोळ्यांनी काम होतं. सेल्युलॉइडमधल्या नकली रेघा वहीच्या पानासारख्या सरळ आणि एकसारख्या असतात. खऱ्या हस्तिदंतात आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या रेघांची जाळी दिसते, म्हणून मुठीच्या टोकाकडे बघायचं, सपाट बाजूवर ती शोधत बसायचं नाही. हाडात बारीक काळपट ठिपके किंवा रेषा दिसतात, त्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या, आणि त्यात वर्षानुवर्षांचा मळ बसलेला असतो. शिंपला ओठाला लावला तर गार लागतो, प्लास्टिक लागत नाही. सांबरशिंग (शेफिल्डला हे आपल्याच देशातून जाई) बाहेरून नैसर्गिक खडबडीत असतं. गाईबैलाच्या हाडावर खाचा पाडून, रंग देऊन त्याची नक्कल करत, पण यंत्राच्या खाचांची लय लगेच पकडता येते. दोन-चार मुठी शेजारी ठेवून बघा, पुन्हा कधी गोंधळ होणार नाही.

सेल्युलॉइड ओळखायचं आणखी एक कारण आहे. ते जुनं झालं की कुजतं आणि त्यातून आम्लाच्या वाफा निघतात. डब्यात शेजारी ठेवलेल्या चांगल्या चाकूची पातीसुद्धा गंजतात. म्हणजे ज्याने सेल्युलॉइडला हस्तिदंत समजून मखमलीत बंद करून ठेवलं, त्याने आपल्या हाताने अख्ख्या संग्रहाला वाळवी लावली.

आणि विक्रेत्यांनो, "अस्सल हस्तिदंत" असं जाहिरातीत ठोकताना आपण काय बोलतोय ते कळतं का? आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हस्तिदंताचा व्यापार बंद आहे, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर आफ्रिकन हस्तिदंताचाही. ब्रिटनने २०१८ मध्ये कायदा केला, तो २०२२ पासून लागू आहे, आणि त्यात १९४७ पूर्वीच्या वस्तूलाही साधारणपणे हस्तिदंत दहा टक्क्यांहून कमी असेल तरच सूट मिळते. सबंध मूठ हस्तिदंताची असलेला चाकू त्यात बसणं कठीण. तेव्हा तुमचा माल हाडाचा असेल तर तुम्ही गिऱ्हाईकाला फसवताय, आणि खरा असेल तर गुन्ह्याचा कबुलीजबाब भाव लावून छापताय.

राहता राहिला तो काळपटपणा, ज्याला बघून लोक "काय जुना आहे!" म्हणतात. घरी लोखंडी विळी असेल तर कैऱ्या चिरून बघा. संध्याकाळपर्यंत पातं शंभर वर्षांचं दिसायला लागेल. उलट टोकाचे लोक ब्रासो आणि पॉलिश पेपर घेऊन बसतात आणि टँगवरचा अर्धवट शिक्काही घासून टाकतात. तुमच्याकडे असा चाकू असेल तर मऊ फडक्याने पुसा, सांध्यात तेलाचा एक थेंब सोडा, आणि घासायला घेण्याआधी टँगच्या दोन्ही बाजूंचे, मुठीच्या दोन्ही टोकांचे चांगल्या उजेडात फोटो काढून ठेवा.