बांधावरचे कोळी आणि सरकारी तिजोरी

इंडोनेशियातील सुहार्तो राजवटीविषयी समाजवाद्यांनी चांगले बोलावे असे फारसे काही नाही. तथापि ५ नोव्हेंबर १९८६ रोजी तिने काढलेला एक हुकूम अभ्यासण्याजोगा आहे. भातपिकावर ५७ कीटकनाशके वापरण्यास त्या दिवशी बंदी घालण्यात आली. तोपर्यंत कीटकनाशकांच्या किमतीचा सुमारे चार-पंचमांश भार सरकारी तिजोरी सोसत होती. आणि फवारणी वाढूनही तपकिरी तुडतुडे वाढतच होते.

यात गूढ काही नाही. तुडतुड्याची मादी अंडी घालते ती भाताच्या पर्णकोषाच्या आत. तेथे फवारा पोचत नाही. मरतात ते बुंध्याशी आणि पाण्याच्या पृष्ठावर धावून शिकार करणारे, जाळे न विणणारे कोळी. अंडी फुटतात तेव्हा शेतात राखणदार उरलेला नसतो. शेतकऱ्याचा बिनपगारी राखणदार मारण्यासाठी सरकार पैसे मोजत होते, असा हा जमाखर्च!

परंतु औषध थांबविले की कोळी आपोआप वाढतील, असे मानणे भाबडेपणाचे होईल. नांगरणीच्या वेळी आणि शेत पडीक असताना त्यांना आसरा लागतो: गवताळ बांध, पेंढ्याचे ढीग, शेजारचे ओले शेत. लावणीनंतर तुडतुडे येण्यापूर्वी भक्ष्यही लागते. चिखलात कुजणाऱ्या काडीकचऱ्यावर पोसणारी चिलटे ते पुरवितात. जावा बेटावरील याविषयीचे सेटल व सहकाऱ्यांचे संशोधन १९९६ साली प्रसिद्ध झाले. विस्तीर्ण क्षेत्र एकाच वेळी लावले जाते आणि मग दीर्घकाळ कोरडे राहते, तेथे भक्षक उशिरा सावरतात, असे त्यांना आढळले. म्हणजे कालव्याचे वेळापत्रक आखणारा अधिकारी नकळत कोळ्यांचेही भवितव्य ठरवीत असतो. ते आखताना शेतकऱ्याला विचारतो कोण?

१९८९ च्या प्रारंभी तेथील अनुदान संपले. त्याच वर्षी शेतावरच्या शेतकरी शाळा सुरू झाल्या. भाताचे उत्पादन कोसळले नाही. कारखानदारांचे भाकीत वेगळे असते, हे सांगणे नलगे.

कोकणात बांधावरचे गवत विळ्याने कापून गुरांना घालण्याची रीत आहे. विळा बुडखे ठेवतो. तणनाशक बांध उघडा करते. मजुरी परवडत नाही, हे त्यामागचे कारण खोटे नाही. म्हणूनच बांधाची निगा हे रोजगार हमीचे काम मानावे, अशी मागणी ग्रामसभांतून झाली पाहिजे, आणि ती भातलावणीपूर्वीच.