व्हेंटिलेटर म्हणजे शेवट नव्हे!
राजेश मापुसकर यांचा 'व्हेंटिलेटर' (२०१६) हा चित्रपट मला मनापासून आवडतो. अतिदक्षता विभागाबाहेर जमलेलं गणगोत, त्यांचे रुसवे, दडलेली माया, सगळं अगदी खरं. पण चित्रपट-मालिका पाहून एक गैरसमज पक्का झालाय: व्हेंटिलेटर लावला म्हणजे माणूस गेला!

आपल्या धाराशिवच्या शिवारात मण्यार चावली, तर विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात. सर्पविषावरचं प्रतिविष आणि हे यंत्र वेळेत मिळालं, तर काही दिवसांत रुग्ण चालत घरी जाऊ शकतो. कीटकनाशकाच्या विषबाधेतही तेच. म्हणून 'मशीनवर टाकू नका' म्हणण्याआधी डॉक्टरांना विचारा: मूळ आजार बरा होण्यासारखा आहे का? चित्रपट बघून खुशाल रडा. निर्णय मात्र या उत्तरावरच घ्या.