प्रश्न विचारणाऱ्याचीही परीक्षा असते

जुलै 2016 मधली गोष्ट. आपल्या हैदराबादची सानिया मिर्झा तेव्हा महिला दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर होती. तिचे आत्मचरित्र नुकतेच प्रसिद्ध झाले होते आणि त्या निमित्ताने ज्येष्ठ पत्रकार राजदीप सरदेसाई यांनी टीव्हीवर तिची मुलाखत घेतली. बोलता बोलता प्रश्न आला, की आता सेटल कधी होणार? आई होण्याचा विचार आहे की नाही? सानियाने उलट विचारले, मी सेटल नाही असे तुम्हाला वाटते का? बाईने कितीही विम्बल्डन जिंकली तरी लग्न आणि मूल झाल्याशिवाय लोक तिला स्थिरावलेली मानत नाहीत, हे तिने शांतपणे सुनावले. सरदेसाईंनी तिथल्या तिथे माफी मागितली आणि पुरुष खेळाडूला आपण हा प्रश्न विचारला नसता, हेही कबूल केले.

अठराव्या वर्षी, 2005 मध्ये, याच शहरात डब्ल्यूटीए एकेरी स्पर्धा जिंकणारी सानिया ही पहिली भारतीय महिला. तेव्हाही तिच्या फोरहँडइतकीच चर्चा तिच्या स्कर्टच्या लांबीची झाली होती. म्हणजे अकरा वर्षांत ती अठराव्या वर्षावरून एकोणतिसाव्या वर्षावर आली, प्रश्न मात्र फार पुढे सरकले नाहीत.

सानियापाशी उत्तर देण्याचे बळ होते. वय, अनुभव, पहिला क्रमांक, सगळे तिच्या बाजूने होते. पण विशीतली, एक-दोन चित्रपट केलेली मुलगी जेव्हा अशा कार्यक्रमाच्या सोफ्यावर बसते, तेव्हा काय होते?

‘कॉफी विथ करण’च्या चौथ्या पर्वात आलिया भट्टला देशाचे राष्ट्रपती कोण, असा प्रश्न झटपट उत्तरांच्या फेरीत आला. ती वीस वर्षांची होती. तिने ‘पृथ्वीराज चौहान’ असे उत्तर दिले. पृथ्वीराज चव्हाण तेव्हा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते आणि राष्ट्रपती होते प्रणव मुखर्जी. चूक ती चूकच, वीस वर्षांच्या व्यक्तीला राष्ट्रपतींचे नाव माहीत असायला हवे. पण त्या एका उत्तरावर देशभर इतके विनोद झाले, की ऑगस्ट 2014 मध्ये तिला स्वतःचीच थट्टा करणारी चित्रफीत करून त्यातून वाट काढावी लागली. 2023 मध्ये तिला अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला. ते जुने विनोद आम्हालाही आले होते आणि आम्हीही ते पुढे पाठवले होते, हे आधीच सांगून टाकतो.

या कार्यक्रमांचा हिशेब साधा आहे. झटपट फेरीत विचार करायला वेळ नसतो आणि बक्षीस मिळते ते सगळ्यांत धीट उत्तराला. त्या उत्तराचा तुकडा आधी जाहिरातीत दाखवतात, दुसऱ्या दिवशी त्याच्या बातम्या होतात आणि पुढे वर्षानुवर्षे तो मोबाईलवर फिरत राहतो. जमेची बाजू सगळी वाहिनीकडे आणि खर्चाची बाजू पाहुण्याकडे. त्यातही पुरुष कलाकाराने खासगी प्रश्न टाळला तर तो मितभाषी ठरतो, मुलीने टाळला तर ती गर्विष्ठ. उत्तर दिले तर उथळ. कोणताही पर्याय घेतला तरी नुकसान तिचेच.

कोणी म्हणेल, त्या स्वखुशीने जातात, पैसे मिळवतात, प्रसिद्धी मिळवतात, मग तक्रार कसली? हा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. पण चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी जाणे हा नव्या अभिनेत्रीच्या कामाचाच भाग असतो. तिथे जायचे तिने मान्य केले, म्हणून कोणताही प्रश्न मान्य केला असे होत नाही.

शिवाय असे कार्यक्रम बहुधा थेट प्रक्षेपित होत नाहीत. आधी चित्रीकरण होते, मग संपादन होते. म्हणजे तोंडातून निसटलेले वाक्य ठेवायचे की कापायचे, हे कोणीतरी शांत डोक्याने ठरवलेले असते. जानेवारी 2019 मध्ये याच कार्यक्रमात हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल आले होते. पंड्या स्त्रियांविषयी जे बोलला ते संपादनानंतरही तसेच दाखवले गेले. ज्यांच्याविषयी तो बोलत होता त्या मुली तर त्या खोलीतही नव्हत्या. क्रिकेट मंडळाने दोघांना ऑस्ट्रेलियातून परत बोलावले, निलंबित केले. एप्रिलमध्ये मंडळाचे लोकपाल न्या. डी. के. जैन यांनी प्रत्येकी 20 लाख रुपये दंड केला. तो भाग नंतर काढून टाकण्यात आला आणि कार्यक्रम आपला असल्याने जबाबदारी वाटते, असे करण जोहर यांनी सांगितले. दंड मात्र पाहुण्यांनी भरला. 2022 मध्ये कार्यक्रमाचे नवे पर्व आले आणि प्रेक्षकही परत आले.

आमच्या मते खरी मेख त्या प्रेक्षकांत आहे, म्हणजे आपल्यात. विचारणारा तेच विचारतो जे आपण बघतो. आणि आपण ते बघतो, कारण ते प्रश्न आपल्याला खटकत नाहीत. ते आपल्याच घरातले असतात.

याचा दाखला आमच्याकडेच आहे. काही वर्षांपूर्वी गणेशोत्सवात गुणवंतांच्या सत्काराचे सूत्रसंचालन आमच्याकडे होते. त्या वर्षी सभासदांच्या मुलांपैकी एक मुलगा आणि एक मुलगी सीए झाले होते. मुलाला आम्ही विचारले, आर्टिकलशिप कुठे केलीस, पुढे काय करणार? मुलीला विचारले, आता लग्नाचे लाडू कधी? सभागृह हसले. तीही हसली, नारळ आणि शाल घेऊन खाली उतरली. कार्यक्रम छान झाला, असे सगळ्यांनी सांगितले. रात्री घरी सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, “तिने अभ्यास कसा केला, हे कुणाला ऐकायचंच नव्हतं का?” आमच्याकडे उत्तर नव्हते. आयुष्य बँकेत गेले, सीए होणे किती अवघड असते हे त्या सभागृहात आमच्याइतके फार थोड्यांना माहीत असेल. तरी आम्हाला लाडूच सुचले. त्या मुलीची माफी मागायचीही राहून गेली, ती या लेखातून मागतो.

टीव्हीवरचे कार्यक्रम आपण बंद करू शकत नाही, तशी गरजही नाही. कलाकारांशी गप्पा ऐकायला सगळ्यांनाच आवडते. पण सरदेसाईंनी त्या दिवशी जी कसोटी स्वतःला लावली, ती आपण लावू शकतो. हाच प्रश्न याच जागी बसलेल्या मुलाला विचारला असता का? नसेल, तर मुलीलाही विचारू नये. टीव्हीवर कोणी विचारला तर घरात मुलांसमोर त्यावर हसू नये, आणि तो तुकडा मोबाईलवर आला तर पुढे पाठवू नये.

यंदाच्या सत्कारातही माईक कोणाच्या तरी हाती येईलच. ज्यांच्या हाती येईल त्यांना एवढीच विनंती, की मुलीला आधी तिच्या कामाविषयी विचारा आणि तिचे उत्तर पूर्ण होऊ द्या.