एकतिसावी बाई

दिवाळीच्या फराळाबरोबर कडू काही वाढू नये, असा आपल्याकडे शिष्टाचार आहे. पण नरकचतुर्दशीच्या पहाटे पायाखाली कारीट फोडून त्याचा कडू रस आपण जिभेला लावतोच ना? हा लेख त्या कारिटाच्या जातीचा आहे, आणि ते मी प्रथम माझ्याच पायाखाली फोडणार आहे.

पिंपरीच्या बाजूच्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षे अधिकारी होतो. तांब्याच्या तारेची वेटोळी गुंडाळण्याच्या खात्यात आमच्याकडे बायका होत्या. किती? कधी अठ्ठावीस, कधी तीस. एकतीस मात्र कधीच नाहीत. १९४८ च्या कारखाने कायद्यात १९७६ साली दुरुस्ती झाली आणि तीसहून अधिक स्त्री-कामगार असतील तिथे पाळणाघर सक्तीचे झाले. कायदा करणाऱ्यांनी आईची सोय पाहिली. आम्ही आकडा पाहिला.

१९८८ साली एक विधवा बाई आठ वर्षांच्या अनुभवाचा दाखला घेऊन माझ्या टेबलापुढे उभी राहिली. "साहेब, हाताची परीक्षा घ्या, मग काय ते सांगा," म्हणाली. मी परीक्षा घेतली नाही. "बाई, जागा भरल्या," म्हणालो. त्याच आठवड्यात मी दोन पोरे घेतली. वेटोळे धरायचे कसे, हे त्यांना आमच्याच बायकांनी शिकवले. पुढे त्यांतला एक त्यांचा सुपरवायझर झाला!

आम्हा साहेबलोकांपाशी उत्तरे तयार असत. म्हणे, बाळंतपणाचा खर्च परवडत नाही. धादांत खोटे! कामगार राज्य विमा योजनेत असलेल्या बाईचा तो भत्ता विमा महामंडळ देते. मालकाची वर्गणी बाईसाठी आणि पुरुषासाठी एकाच दराने जाते. म्हणे, बायकांची बोटे नाजूक, म्हणून हे काम त्यांना छान जमते. मग त्यांना कुशल कामगाराचा दर का नाही? तर ते कौशल्य नव्हे, ती निसर्गाची देणगी! १९७६ च्या समान वेतन कायद्याने सारख्या कामाला सारखा मोबदला सांगितला होता. आम्ही कामाचे नाव बदलले आणि निर्धास्त झालो.

ही युक्ती आमच्या पिढीने शोधली असेही नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत १९२० च्या सुमारास पाच कामगारांत जवळजवळ एक बाई होती. वाइंडिंग आणि रीळ खात्यांत तर त्यांचेच राज्य, आणि त्यांच्यावर देखरेख करणारी नायकीणही बाईच. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूती-भत्त्याच्या विधेयकाची बाजू घेतली. १९२९ साली कायदा झाला. पण भार मालकावर पडताच बाई नकोशी झाली. पुढे रात्रपाळीची बंदी आणि नवी यंत्रे यांचीही भर पडली, आणि पन्नासएक वर्षांत गिरणीत बायका मूठभर उरल्या. संरक्षण बाईला दिले आणि शिक्षाही तिलाच झाली. दोष कायद्याचा नव्हता. तो वाचणाऱ्या डोळ्यांचा होता.

२०१७ च्या दुरुस्तीने पन्नास कर्मचारी असतील तिथे पाळणाघर आले, स्त्री-पुरुष न मोजता. २०२० च्या नव्या संहितेने बाईच्या संमतीने रात्रपाळीचीही मुभा दिली. म्हणजे आमच्या दोन्ही सबबी गेल्या. तरी जुने सहकारी भेटले की ऐकतो, "अहो, आम्हाला त्यांची काळजी वाटते!" इस्पितळात रात्रभर जागणाऱ्या परिचारिकेची काळजी या गृहस्थांना कधी वाटली नाही. बाईने बढती मागितली, की मात्र ती उफाळून येते.

गेल्या दिवाळीत अशाच एका मित्राकडे फराळाला गेलो होतो. त्याची मुलगी यांत्रिकी अभियंता. कारखान्यात तिला यंत्रावर पाठवत नाहीत, कागदांवर बसवतात, म्हणून मित्र संतापला होता. "कोणत्या युगात राहतात हे लोक?" तो गरजला. माझ्याबरोबर तीसचा आकडा सांभाळणारा हाच! मी मान खाली घालून चकली मोडत राहिलो.

वाचकहो, तुमच्याही घरात एखादा साहेब असेल. पाडव्याला ओवाळताना त्याला एवढेच विचारा: तुमच्या खात्यात बायका किती, आणि तेवढ्याच का? ओवाळणी घेण्याआधी उत्तर घ्या.